सात नंबरची खुर्ची

समजा, सोडतीत तुमच्याच नावाची चिठ्ठी निघाली. फुकटचं तिकीट, तेही संगीत नाटकाचं, तेही पहिल्या रांगेत! तुम्ही ऐटीत सात नंबरच्या खुर्चीत जाऊन बसता. तिसरी घंटा होते. पडदा वर जातो. अर्धा तास मजेत जातो आणि मग रंगमंचावर एकदम काळोख होतो, कारण आता वादळाचं गाणं सुरू व्हायचं असतं. तेवढ्यात तुमच्या मांडीखालून 'टक्' असा बारीक आवाज येतो. पाठोपाठ कुणीतरी कुजबुजतं.

"ऊठ. या खुर्चीत बसू नकोस."

तुम्ही दचकून मागे बघता. मागची माणसं नाटकात रंगलेली. शेजारी कुणीच बोललेलं नाही. आणि आवाज पुन्हा येतो.

काय कराल? आधी मनाशी ठरवा, मग पुढे वाचा.

गणिताच्या बाईंनी काय केलं ते सांगतो. अख्खी शाळा त्यांना घाबरायची, त्या कुणालाच घाबरायच्या नाहीत. पण त्या गुरुवारी दुपारी त्या सात नंबरवरून अशा उठल्या, की एक चप्पल तिथेच राहिली. भिंतीला पाठ लावून त्यांनी उरलेला अंक उभ्यानं पाहिला, आणि मध्यंतर होताच मॅनेजरसाहेबांचं दार ठोठावलं.

आठवड्यातली ही तिसरी तक्रार होती. आधी एक नर्स. मग बेकरीवाले. आता बाई. तिघांनाही सोडतीत तीच खुर्ची लागली होती.

"भुताटकी आहे, असं गावभर झालंय," मॅनेजरसाहेब म्हणाले. नाटक संपलं होतं आणि ते कपडेपटाच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. "माझा भुतावर विश्वास नाही. माझा माणसांवरही फारसा नाही. या नाट्यगृहात कुजबुजून पोट भरणारं एकच माणूस आहे."

ते मुंगीच्या आईकडे बघत होते.

मुंगी म्हणजे अकरा वर्षांची, काडीसारखी, पण मागे लागली की पिच्छा न सोडणारी मुलगी. म्हणून ते नाव पडलेलं. तिची आई प्रॉम्प्टर होती. नटाला वाक्य आठवेनासं झालं, की विंगेत उभं राहून ते त्याला हळूच पुरवायचं, हे तिचं काम. तिची कुजबुज पंधरा फुटांवरच्या नटाला ऐकू जायची आणि पहिल्या रांगेला पत्ताही लागायचा नाही. सगळे तिला कौतुकानं 'कानगोष्टीबाई' म्हणायचे. आज त्याच कौतुकाचा फास झाला होता.

"साहेब, मी का घाबरवीन प्रेक्षकांना?" आईनं विचारलं.

"ते तुम्ही सांगा. वादळाच्या गाण्यात वीसजण गातात, तुम्हाला काम नसतं. विंगेपासून सात नंबर दहा पावलांवर." साहेब दाराकडे वळले. "उद्या दुपारच्या खेळाला मी स्वतः तुमच्या शेजारी उभा राहणार आहे. आणखी एक तक्रार आली, तर सोडतही बंद आणि बाई, तुम्हीही बंद."

साहेब गेले. आई घडी घातलेल्याच झग्याची पुन्हा घडी घालू लागली.

"आई, तू नाही ना केलंस?"

"मुंगे!"

"विचारायला नको? सगळ्यांना विचारायचं, मग तुलाही."

आईला त्यातही हसू आलं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. मुंगी सकाळीच गणिताच्या बाईंच्या घरी गेली. हातात त्यांची राहिलेली चप्पल होती.

"बाई, आवाज बाईमाणसाचा होता की पुरुषाचा?"

"कुजबुजीला बाई-पुरुष नसतो गं. नुसता वारा असतो."

"आधी काही ऐकू आलं?"

"टक्. पेनाला टोपण बसवल्यासारखं."

"तुम्ही भिंतीशी उभ्या राहिलात तेव्हा आवाज तिथे आला?"

बाईंनी चष्मा काढला. "नाही. उठले आणि थांबला. एकदम."

"म्हणजे त्याचं तुमच्याशी भांडण नव्हतं," मुंगी म्हणाली. "खुर्चीशी होतं."

"वर्गात असं डोकं चालव जरा," बाई म्हणाल्या.

नाट्यगृह सकाळी रिकामं असलं की फार मोठं वाटतं. पावलं आपलीच असतात आणि दुसऱ्या कुणाची वाटतात. मुंगी पहिल्या रांगेत आली. सात नंबर. लाल गादी, लाकडी हात. बाकीच्या खुर्च्यांसारखीच.

अगदी तशीच नव्हती. गादीवर काळे बारीक पापुद्रे पडले होते, सुकलेल्या रंगाचे असावेत तसे. सहावर नव्हते. आठवरही नव्हते. मुंगीनं एक पापुद्रा वहीच्या पानात ठेवला.

मग ती वाकली. खुर्चीखाली पुस्तकाएवढी एक पेटी होती. तिला जाळी होती, एक बटण होतं, आणि तिची वायर सतरंजीखाली शिरली होती.

"हात लावू नकोस!"

मुंगी किंचाळलीच. मागे सुतारमामा उभे होते, हातात खिळ्यांचा डबा.

"मामा! जीव गेला असता माझा!"

"पेटी मोडली असतीस तर माझा गेला असता. दिग्दर्शकांची आहे ती. तालमीत ते याच खुर्चीत बसून बोलतात."

"कुणाशी?"

"बोलतात कसले, ओरडतात. तालमी संपल्या, पेटी राहिली." मामांनी सात नंबर हलवून पाहिली. "या खुर्चीला कुणाची दृष्ट लागलीय देव जाणे. सोमवारी बघतो तर बूड सुटलेलं! चारही बोल्ट काढून ठेवलेले. मी अर्ध्या तासात बसवून दिली."

"बोल्ट कुठे सापडले?"

"तिथेच, बशीत. बशी नीट मागे सरकवून ठेवलेली, कुणाचा पाय लागू नये म्हणून."

मुंगीनं ते वहीत लिहिलं. खोडी काढणारा माणूस बोल्ट भिरकावून देतो. बशीत जपून ठेवत नाही.

प्रेक्षागृहाच्या अगदी मागे, तीन पायऱ्या चढून, दिवेकाकांची काचेची खोली होती. तिथून ते सगळ्या नाटकाला प्रकाश द्यायचे. काका तीस वर्षं तिथे होते. मुंगीला दिव्यांची नावं त्यांनीच शिकवली होती.

"ये गं मुंगे. माझा चहाचा थर्मास त्या स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवून दे बघू. तू उंच झालीस आता."

मुंगीला ते काही पटलं नाही, पण स्टुलावर चढून तिनं थर्मास ठेवला. खोली नेहमीसारखी होती. कानावर लावायचा हेडफोन आणि त्याला तोंडापुढे येणारी माइकची दांडी. भिंतीशी तीन बश्यांत वेगवेगळे स्क्रू. खिळ्याला टांगलेले शिडीवर चढायचे रबरी बूट. एका बुटात कोळ्यानं छान जाळं विणलेलं.

"काका, दिवा वरून पडू शकतो?"

काकांचा हात टेबलावर थांबला. "का गं?"

"असंच."

"दिव्याला दोन आधार असतात. एक बोल्ट, एक साखळी. बोल्ट ढिला झाला तरी साखळी धरते. म्हणून साखळी विसरायची नाही. कधीच नाही." नेहमी गोळी द्यायचे खिशातली, ती आज विसरले.

दोन वाजता दारात सोडत निघाली. पूर्वी काचेची बरणी चिठ्ठ्यांनी तुडुंब भरायची. आज तळाला अकरा चिठ्ठ्या होत्या. भीती अशी असते. ती न बोलावता घरोघर पोचते.

साहेबांनी पहिली चिठ्ठी काढली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि खाली खुर्चीचा आकडा लिहिला. "सात नंबर!"

"मी! मीच ती!" पांढऱ्या शुभ्र अंबाड्याच्या एक आजी काठी उंचावत पुढे आल्या.

दुसरी चिठ्ठी आठ नंबरची. ती ज्याची होती तो माणूस खुर्चीचं ऐकून घरी निघून गेला होता. मुंगीनं विचार केला आणि साहेबांना म्हणाली, "आठमध्ये मी बसू? तुम्ही आईजवळ, मी खुर्चीजवळ."

साहेबांनी ती चिठ्ठी तिच्या हातात दिली. "बस."

आत गेल्यावर मुंगीनं शेवटचा प्रयत्न केला. "आजी, तुम्ही आठमध्ये बसा, मी सातमध्ये बसते."

"काय?"

"आठमध्ये बसा!"

"पाठ? पाठ चांगली आहे माझी. कान गेलेत दोन्ही, ठार."

मुंगीनं बोटांनी आठ दाखवले. आजींनी चिठ्ठी तिच्या नाकासमोर नाचवली. "सात लिहिलंय. चाळीस वेळा चिठ्ठी टाकलीय मी, चाळीस! आता खुद्द राजा आला तरी उठणार नाही."

"पण तुम्हाला ऐकू येत नाही, तर गाणी..."

आजींनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकले. "गाणं इथून येतं, पोरी. तळव्यातून."

तिसरी घंटा झाली.

दीपगृहाच्या राखणदाराची आणि त्याच्या मुलीची ती गोष्ट होती. मुंगीला पाठ होती, पण आज एक शब्द कानात शिरत नव्हता. विंगेत आईची पाठ दिसत होती. तिच्या शेजारी साहेब उभे होते, डोळे तिच्या ओठांवर रोखून.

काळोख झाला.

टक्.

"ऊठ. या खुर्चीत बसू नकोस."

मुंगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज खरंच होता. खुर्चीखालून येत होता. तिनं विंगेकडे पाहिलं. वाचायच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात आईचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आजी मजेत समोर बघत होत्या.

टक्. "आजी, उठा. ऐका माझं."

रंगमंचावर पहिला ढोल वाजला. वीसजण लाकडी तळव्यांचे बूट घालून वादळ नाचू लागले. जमीन हादरली, खुर्च्या हादरल्या. आजींनी आनंदानं डोळे मिटले.

टक्. "आजी, तुमच्या पाया पडू का? उठा! उठा हो!"

आणि मग मुंगीला कळलं, की आवाज रडतो आहे.

इतका वेळ तिला वाटत होतं, कुणीतरी भीती घालतंय. पण भीती घालणारा असा रडकुंडीला येत नाही. या अंधारात तिच्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी होतं. आजींसाठी घाबरलेलं.

तिच्या मनगटावर काहीतरी हलकंसं पडलं. काळा पापुद्रा.

मुंगीनं मान वर केली. डोक्यावर उंच, काळा रंग दिलेला आडवा लोखंडी नळ होता, त्याला ओळीनं नऊ दिवे. वादळाची वीज चमकली तेव्हा साखळ्या चकाकल्या. एक, दोन, तीन... तिनं मोजल्या. पुन्हा वीज, पुन्हा मोजल्या.

आठ.

सात नंबरवरचा दिवा प्रत्येक ठेक्याला डुलत होता आणि नळाचा रंग खरवडत होता.

बोलण्यात अर्थ नव्हता. ओढलं तर आजी हटून बसल्या असत्या. मुंगी उठली, आजींसमोर उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले आणि पायांनी वादळाचा ठेका धरला. नाचायला चला!

आजींचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. त्या उठल्या. काठी खुर्चीलाच राहिली. मुंगी त्यांना मागे मागे नेत मधल्या वाटेपर्यंत घेऊन गेली आणि दोघी तिथे नाचल्या. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या.

गाणं संपलं, मध्यंतराचा पडदा पडला.

इथे क्षणभर पुस्तक मिटा. मुंगीनं जे पाहिलं ते सगळं तुम्हीही पाहिलं आहे: टक्, पापुद्रे, पेटी, बशी, बूट, साखळ्या. कोण होतं ते, सांगा बघू. झालं? मग चला.

"पहिल्या रांगेत कुणी येऊ नका!" मुंगी ओरडली. साहेब आणि आई विंगेतून धावत आले. प्रेक्षक चहाला बाहेर गेले होते. सुतारमामांनी शिडी आणली आणि वर चढले.

"मामा, काय आहे?"

"साखळी नाही," ते वरून म्हणाले. "आणि बोल्ट मी नुसता चिमटीत धरला, तर हातात आला."

आईनं मुंगीला छातीशी घट्ट धरलं. साहेब खाली बसले, सहाच्या खुर्चीत, मग घाईनं उठून लांब जाऊन बसले.

"साहेब, आई बोलली?" मुंगीनं विचारलं.

"नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो."

"पण आवाज आला, या पेटीतून. टक् म्हणजे पलीकडचं बटण दाबल्याचा आवाज. दिग्दर्शक इथून बोलतात तेव्हा ऐकतं कोण? दिवे कमी-जास्त करणारा माणूस. वायरीच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन आहे, काचेच्या खोलीत. त्यातून उलट इथे बोलताही येतं. तिथून पहिली रांग दिसते. म्हणून तर अंधारातही आवाजाला ठाऊक होतं, की आज आजी बसल्यात."

साहेब वळून मागे बघू लागले.

"आवाज फक्त वादळाच्या गाण्याआधी यायचा, कारण नाचानं सगळं हादरतं. माणूस उठला की थांबायचा. खुर्ची खिळखिळी केली तीही त्यानंच, कुणी बसू नये म्हणून. बोल्ट बशीत ठेवले. स्क्रू बशीत ठेवायची सवय इथे एकालाच आहे." मुंगीचा आवाज बारीक झाला. तिला पुढचं बोलायचं नव्हतं. "आणि त्यांच्या शिडीच्या बुटात कोळ्यानं घर केलंय. म्हणजे कितीतरी दिवसांत ते वर चढलेले नाहीत. चढता येत असतं, तर साखळी लावूनच आले असते."

दिवेकाका मधल्या वाटेत येऊन उभे राहिले होते. चेहरा पिठासारखा पांढरा.

"पोरगी खरं बोलतेय," ते म्हणाले. "हा नववा दिवा लावताना घेरी आली. बोल्ट अर्धा फिरवला होता. कसाबसा खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी चढायला गेलो, दुसऱ्या पायरीवर डोळ्यांपुढे काळोख. रोज म्हणायचो, उद्या चढेन."

"सांगायचं होतं ना मला!" साहेब गरजले.

"शिडी चढता न येणारा दिवेवाला तुम्ही ठेवला असता, साहेब?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "माणूस मेलं असतं, काका."

"हो," काका म्हणाले. "रोज तेच दिसायचं. झोपेतसुद्धा."

तेव्हा मुंगीची आई पुढे झाली. तिची नोकरी जाता जाता राहिली होती. ती चिडली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

"काका, अडलेल्याला शब्द पुरवणं हे माझं कामच आहे," ती म्हणाली. "मोठमोठे नट अडतात, कुणी हसत नाही. तुम्ही अडलात, तर एकदा माझ्याकडे बघायचं होतं. मी बोलले असते तुमच्या वतीनं."

काकांनी चेहरा ओंजळीत धरला.

साहेबांनी आईसमोर मान खाली घातली. "बाई, चुकलो मी. लेकीसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर माफी मागतो." मग ते मामांकडे वळले. "तो दिवा खाली घ्या, आत्ता. बाकीचे आठही तपासा. यापुढे शिडीचं काम तुमचं. काका, तुम्ही पुन्हा वर चढायचं नाही. आणि लपवलंत त्याचा जाब उद्या द्यायचा, मी तो सोडणार नाही. पण आजचा दुसरा अंक तुम्हीच करायचा. तो दुसऱ्या कुणाला येत नाही."

"माझ्यानं नाही होणार," काका म्हणाले. "त्या रांगेकडे बघवणार नाही मला."

मामांनी दिवा उतरवला, बाकीच्या आठांचे बोल्ट आवळले. पहिली घंटा झाली. काका पाय ओढत काचेच्या खोलीत गेले. दुसरी घंटा झाली. लोक जागेवर आले. आजी आठमध्ये बसल्या. त्या नाचून इतक्या खूश होत्या की नंबराची तक्रार विसरल्या. तिसरी घंटा झाली.

अंधार झाला, आणि अंधारच राहिला. पडद्यामागे नट ताटकळले. दीपगृहाचा प्रकाश उगवायला हवा होता, तो उगवेना. विंगेत आईनं हातातलं पुस्तक घट्ट धरलं. मागे काचेच्या खोलीत एक सावली नुसती बसून होती.

मुंगी मधल्या वाटेतून चालत पहिल्या रांगेपाशी आली. सात नंबरची गादी तिनं हातानं झटकली आणि तिच्यावर बसली. मग वाकून खुर्चीखालच्या पेटीचं बटण दाबलं.

टक्.

"काका," ती कुजबुजली, "मी सातमध्ये बसलेय. करा सुरू."